ट्यूबलेस चाकाची हवा रात्रभरात जाते? आधी रिम टेप बघा

जर्मनीहून आठ वर्षांनी पुण्यात परतलो. मागून समुद्रमार्गे माउंटन बाइक आली. वेताळ टेकडीवर शर्यतीचा सराव सुरू केला आणि लक्षण दिसलं: संध्याकाळी २२ पीएसआय भरलेलं मागचं चाक सकाळी मऊ.

बाभळीचा काटा असेल म्हणून सीलंट (टायरची बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव) दोनदा भरलं, व्हॉल्व्ह बदलला, टायरही बदलला. तीन आठवडे वाया गेले, फार वैतागलो.

शेवटी रिमवर साबणाचं पाणी ओतलं. बुडबुडे स्पोकच्या भोकांतून! टायर फाटला असता तर ते टायरवर दिसले असते. म्हणजे रिमच्या आतून स्पोकची भोकं हवाबंद ठेवणारी टेप सुटली होती.

मग केलं ते असं. टायर काढून जुनी टेप सोलली, चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रिम पूर्ण वाळू दिली. रिमची आतली रुंदी ३० मिमी, म्हणून टेप ३२ मिमीची. ती ताणून लावली आणि दोन्ही टोकं व्हॉल्व्हच्या भोकावर १० सेमी एकमेकांवर आणली. गरम टोच्याने टेपला व्हॉल्व्हसाठी भोक पाडलं. मग साधी ट्यूब घालून ३५ पीएसआय भरलं, रात्रभर ठेवलं. ही पायरी टाळू नका, टेप यानेच बसते. सकाळी ट्यूब काढून ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवला, त्याचा नट हातानेच आवळला, १०० मिली सीलंट घातलं.

आठवडा झाला, हवा टिकून आहे.