जुन्या अँबॅसिडर-पद्मिनीचे ड्रम ब्रेक : दोष कसा शोधावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजूनही काही दारांत जुनी अँबॅसिडर नाहीतर पद्मिनी जपून ठेवलेली दिसते. पावसाळाभर गाडी उभी असते आणि दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढली की ब्रेक एकतर लागत नाहीत, नाहीतर लागलेले सुटत नाहीत. या गाड्यांच्या जुन्या मॉडेलना चारही चाकांना ड्रम (चाकाबरोबर फिरणारा बिडाचा गोल डबा) आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच. एका चाकात गळती झाली तरी सगळे ब्रेक जातात. त्यामुळे चोर्ला किंवा तवंदी घाटाचा विचार करण्याआधी ब्रेक तपासलेच पाहिजेत.

चाक खोलायची घाई करू नका. आधी गाडी उभी ठेवून पेडल दाबा. निम्मा दोष तिथेच कळतो.

पेडल खूप खाली जाते, पण दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येते? मग शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, ड्रमपासून लांब गेले आहेत, अॅडजस्टमेंट हवी. पेडल स्पंजासारखे मऊ लागते? लाइनमध्ये हवा आहे. पाय दाबून धरला असताना पेडल हळूहळू खाली सरकत जाते, आणि बाहेर कुठेच थेंब दिसत नाही? मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या सिलिंडरचे) आतले रबरी वॉशर गेले. ही खूण ओळखता आली नाही की लोक चारही चाकांचे सामान बदलतात आणि दोष जागेवरच राहतो.

ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर डावे चाक नीट धरते आहे, उजवे कमी धरते आहे. म्हणून पहिल्यांदा उजवे चाक खोला. पेडल पायाखाली थरथरत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही.

आता खोलणे. सपाट जमिनीवर बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, जॅकखेरीज स्टँडही द्या. मागचा ड्रम असेल तर हँडब्रेक सोडा. शू ड्रमजवळ-लांब करणारा अॅडजस्टर पूर्ण ढिला करा, कारण झिजलेल्या ड्रमच्या आतल्या कडेला शू अडकतात. तरीही निघत नसेल तर भोवताली हलके ठोका. एकाच जागी जोरात हातोडा मारला तर बिडाचा ड्रम तडकतो.

आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या पट्टीत) अॅस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसात जाते. नाकातोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्याने पुसा.

मग व्हील सिलिंडरच्या (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) रबरी टोपीची कड अलगद उचला. आत ओल दिसली तर गळती आहे. ऑइल पिऊन काळे पडलेले लायनर पेट्रोलने धुऊन चालत नाहीत, बदलावेच लागतात, आणि तेही त्या अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे. ड्रमला चरे असतील तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर टर्निंग करून घ्या. फार पातळ झालेला ड्रम मात्र टाकून द्या.

चाक गरम होत असेल, ब्रेक सुटत नसेल, तर गंजलेला सिलिंडर, ढिली रिटर्न स्प्रिंग किंवा अडकलेली हँडब्रेकची केबल पाहा. एक जागा हमखास नजरेतून सुटते: जुना रबरी होज आतून फुगतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जाते, मागे परतत नाही. बाहेरून होज धडधाकट दिसतो. चाकामागचे निपल (हवा-ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) ढिले करताच चाक मोकळे झाले, तर होजचा संशय आधी घ्या.

ब्रेक ऑइलच्या टाकीत गाडीला सांगितलेलेच ब्रेक ऑइल घाला. इंजिन ऑइलचा थेंबही नको, त्याने सगळे वॉशर फुगतात. लाइनमधली हवा काढताना सहसा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचे, मगच पेडल सोडायचे. टाकी रिकामी होऊ देऊ नका.

शेवटी अॅडजस्टर चाक घासेपर्यंत आवळा आणि ते मोकळे फिरेल इतकाच मागे घ्या. रिकाम्या मैदानात कमी वेगाने ब्रेक मारून पाहा. नवे लायनर ड्रममध्ये बसेपर्यंत पेडल पुन्हा थोडे खाली येईल. तेव्हा एकदा पुन्हा अॅडजस्ट करा.