ड्रायर बसवताय? आधी बाहेरची जाळी काढा

मशीन कुठे ठेवायचं, दार कुठल्या बाजूला उघडणार हे तुम्हाला सुचेलच, म्हणून मला जे सुचलं नव्हतं ते आधी सांगतो: कपड्यांच्या ड्रायरमधली गरम, दमट हवा बाहेर नेणारा पाइप भिंतीबाहेर जिथे संपतो तिथे जाळी नको. पक्षी घरटं करतील म्हणून मी बारीक जाळी ठोकली, वर स्वतःच्या हुशारीवर खूश, आणि थोड्याच दिवसांत तिथे लिंटची, म्हणजे कपड्यांची जी लव निघते तिची, गादीच तयार झाली. कपडे दोन-दोन तास फिरून दमटच, मशीन चटका बसेल इतकं गरम, आणि एक दिवस आतला थर्मल फ्यूज, म्हणजे मशीन फार तापलं की ते बंद पाडणारा भाग, उडाला. मी मशीनला शिव्या घालत होतो. मेकॅनिक मशीनला हात लावायच्या आधी बाहेर गेला, जाळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. जाऊ दे.

तर पहिलं काम, ड्रायर कुठला ते बघा. कंडेन्सर किंवा हीट पंपवाला, म्हणजे हवेतलं पाणी मशीनमध्येच वेगळं काढणारा, असेल तर बाहेर पाइप काढायची भानगडच नाही, तुम्ही सुटलात. बाकीच्यांनी ४ इंची, कडक, आतून गुळगुळीत मेटलचा पाइप घ्या. तो प्लास्टिकचा किंवा चकचकीत फॉइलचा घड्याघड्यांचा पाइप स्वस्त असतो, हवा तसा वाकतो, सगळं खरं, पण त्या घड्यांत लिंट अडकते आणि लिंट कापसासारखी भुर्रकन पेटते, एवढं कारण पुरे ना? जवळची बाहेरची भिंत गाठा. लांबी साधारण ३५ फुटांच्या आत धरतात आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले ५ फूट गेले असं समजायचं, म्हणजे तीन वळणं घेतलीत की उरले फक्त २०. मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

पाइप जोडताना निमुळतं तोंड हवा जाते त्या दिशेला. जोडावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप मारा, कापडी डक्ट टेप नको, नाव डक्ट असलं तरी ती उष्णतेने सुटते. पाइपात आत टोक निघेल असा स्क्रूही नको, त्या टोकाला लिंट अडकायला लागते, म्हणजे माझ्या जाळीचंच छोटं भावंड.

पाइपाचं तोंड घराबाहेरच. माळ्यावर नाही, फॉल्स सीलिंगमध्ये नाही, बाथरूमच्या एक्झॉस्टमध्येही नाही, ती दमट हवा आत राहिली की बुरशी धरते. आणि गॅसवरचा ड्रायर असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो, तिथे अजिबात चालढकल नको, गॅसची लाइन जाणकाराकडूनच जोडून घ्या आणि घरात त्या वायूचा अलार्म लावा.

बाहेरच्या तोंडाला हुड, म्हणजे पाइपाचं झाकण, लावा, हवेच्या जोराने उघडणारी आणि आपोआप मिटणारी झडप असलेलं. जाळीवालं नको! झडप नीट मिटत असली की पक्ष्यांचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. हुड विकत घेतानाच आत डोकावून बघा, काहींत जाळी आधीच बसवलेली असते, दुकानदार ‘असू द्या की’ म्हणेल, असू देऊ नका.

वीज: वेगळी लाइन, पुस्तकात दिलेल्या अँपिअरची, अर्थिंगसकट. एक्स्टेंशन बोर्ड नको. इलेक्ट्रिशियन बोलवा.

मशीन मागे सरकवताना पाइप चेपतो, आणि मागे असल्यामुळे दिसतही नाही, तेव्हा टॉर्च मारून बघा. लेव्हल करा. रिकामं मशीन दहा मिनिटं चालवा आणि बाहेर जाऊन झडप उघडलीय का, हाताला हवा जोरात लागते का ते बघा. दर वेळी फिल्टर साफ. वर्षातून एकदा पूर्ण पाइप. चालू ठेवून झोपू नका, बाहेरही जाऊ नका. आणि अधूनमधून हुडकडे नजर टाका, घरातल्या कुणीतरी पक्ष्यांच्या काळजीने जाळी परत लावली नाहीये ना.