श्वासावरून कॅलरी आणि चरबी मोजताना या चुका टाळा

ट्रेडमिलवरून उतरलेला धावपटू आधी विचारतो, "किती कॅलरी गेल्या?" आणि लगेच, "त्यात चरबी किती?" दोन्ही उत्तरं मास्कला जोडलेल्या यंत्राने मोजलेल्या एकाच श्वासातून निघतात, पण चूक झाली तर दोन्हींना सारखा धक्का बसत नाही. हे लक्षात न घेणं हीच मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

समजा, मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन वापरला गेला आणि १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. भागाकार ०.८५, हाच आरईआर, म्हणजे श्वासातल्या या दोन वायूंचं गुणोत्तर; तो जितका १ च्या जवळ, तितकी चरबी कमी आणि कर्बोदकं जास्त जळताहेत. शास्त्रज्ञ वीर (Weir) यांच्या १९४९ च्या सूत्राने ऑक्सिजनला ३.९४१ ने, कार्बन डायऑक्साइडला १.१०६ ने गुणून बेरीज केली की मिनिटाला सुमारे ९.८ किलोकॅलरी येतात. चरबीसाठी दोन्हींतला फरक १.६७ ने गुणायचा: अर्धा ग्रॅम. आता कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर ५ टक्के जास्त दाखवतोय असं धरा. कॅलरी जेमतेम एका टक्क्याने वाढतात. चरबी मात्र ०.५० वरून ०.३६ ग्रॅमवर घसरते, कारण ती दोन मोठ्या आकड्यांच्या छोट्याशा वजाबाकीतून येते. तेव्हा कॅलरी ठीक दिसतात म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे आकडे माहीत असलेल्या मापाशी जुळवून घेणं, टाळू नका. वायूंच्या सेन्सरसाठी ठरलेल्या मिश्रणाचा सिलिंडर आणि हवेच्या आकारमानासाठी ३ लिटरची सिरिंज, प्रत्येक चाचणीआधी.

गळका मास्क उलट्या बाजूने फसवतो. उच्छ्वास कडेने निसटला की दोन्ही वायू सारख्याच प्रमाणात कमी मोजले जातात. आरईआर छान दिसतो आणि कॅलरी कमी येतात. मी मास्क बांधला की मास्कचं पुढचं तोंड तळहाताने बंद करून हळू फुंकायला सांगते आणि ओली बोटं नाकाच्या दोन्ही बाजूंना धरते. हवा निसटत असेल तर बोटांना गार लागतं. दाढी असेल तर हनुवटीखालीही बघायचं.

आपल्याकडची खास चूक हवेच्या दाबाची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, पण मोबाइलवरचा दाब बहुधा समुद्रसपाटीला बदलून दिलेला असतो. तोच यंत्रात भरला, तर वायूंचं आकारमान सुमारे ६-७ टक्के जास्त निघतं. एका प्रयोगशाळेतल्या महिन्याभराच्या चाचण्या मला याच कारणाने पुन्हा हिशेबाला घ्याव्या लागल्या. खोलीतलाच बॅरोमीटर वाचा.

आरईआर १ च्या वर गेला की "आता फक्त कर्बोदकं जळताहेत" असं लिहू नका. जोराच्या व्यायामात रक्तातलं बायकार्बोनेट आम्ल शमवतं आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो इंधनाचा नव्हे. तिथे इंधनाची वाटणी करूच नये. धास्तीने भराभर श्वास घेणाऱ्याचा आरईआरही व्यायामाआधीच वर चढलेला असतो. त्याला पाच मिनिटं मास्कसह बसू द्या. वेग बदलल्यावर पहिली दोन-तीन मिनिटंही हिशेबातून वगळा.

ट्रेडमिलचा दांडा धरून चालू देऊ नका, ऑक्सिजनचा वापर कमी होतो. आणि आजची चाचणी उपाशीपोटी, पुढच्या महिन्यातली पोहे खाऊन, असं झालं तर चरबीच्या दोन आकड्यांची तुलना करू नका. शेवटचं खाणं किती वाजता आणि काय, हे मी मास्क चढवण्याआधीच वहीत लिहून घेते.