इंडी-फोक गिग फसतेय असं वाटलं तर काय करायचं

मागच्या हिवाळ्यात पुण्यात एका आवडत्या गायकाच्या गिगला, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमाला, गेले होते, दोन महिने वाट बघितलेली, आणि पहिल्या तीन गाण्यांत शब्दच कळेनात, खूप वाईट वाटलं. तेव्हा जे उपयोगी पडलं ते सांगते.

आधी जागा बदला. इंडी-फोक, म्हणजे स्वतंत्र कलाकारांचं लोकसंगीताच्या वळणाचं संगीत, मुळात छोट्या खोलीचं, एक गिटार आणि हळू आवाज, त्यामुळे बारच्या बाजूला उभं राहिलात तर ग्लास आणि गप्पाच ऐकू येणार. साउंडवाल्याचा मिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटणांचं टेबल, असतं ना, तिथे जाऊन उभं राहा, कारण तो तिथून ऐकूनच सगळं सेट करत असतो. अगदी स्टेजला चिकटून पण नको, तिथे बरेचदा गायकाचा आवाज दबतो कारण मेन स्पीकर दोन्ही बाजूंना असतात. गिटार पत्र्यासारखी वाजत असेल तर तो बऱ्याचदा पिकअपचा, म्हणजे गिटारचा आवाज स्पीकरपर्यंत नेणाऱ्या सेन्सरचा, दोष असतो, वादकाचा नाही! दोन गाण्यांच्या मधे साउंडवाल्याला शांतपणे म्हणा, दादा, गायकाचा आवाज जरा वर घ्या ना. मी म्हटलं, त्याने लगेच घेतला.

ओपन एअर असेल तर वेळेवर पोचा, रात्री १० नंतर स्पीकर बंद करावे लागतात, उशिरा सुरू झालं की गाणी कापली जातात.

आणि मधेच निघू नका प्लीज. त्या दिवशी शेवटचं गाणं गायकाने माइक सोडून, स्टेजच्या कडेला बसून म्हटलं, तेव्हा बोटं तारेवर सरकल्याची किरकिर सुद्धा ऐकू येत होती.