‘आवाज येतोय ना!’ : जुना फिल्म कॅमेरा घेताना आणि वापरताना या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात की हे दृश्य हमखास दिसते. नळाच्या तोट्या, पितळी तांबे आणि टीव्हीचे रिमोट यांच्या गर्दीत ताडपत्रीवर एक कॅमेरा पडलेला असतो. तुम्ही नुसते वाकायचा अवकाश, विक्रेता तो उचलतो, लिव्हर ओढतो, बटण दाबतो. खट्‌! "बघा साहेब, एकदम चालू. आवाज येतोय ना!" या आवाजावर भुलून मी तीन कॅमेरे घरी आणले. एक कायमचा शोकेसमध्ये गेला, एकाचे सुटे भाग झाले. तिसऱ्याने, म्हणजे झेनिट-ई या सोव्हिएत कॅमेऱ्याने, फोटो दिले खरे, पण बऱ्याच फोटोंच्या एका कडेला काळी पट्टी. त्या पट्टीकडे शेवटी येतो.

शटर, म्हणजे फिल्मसमोर क्षणभर उघडणारा पडदा, वाजले म्हणजे आतली स्प्रिंग शाबूत आहे, एवढेच कळते. पडदा किती वेळ उघडा राहिला, काचेत काय माजले आहे, प्रकाश कुठून झिरपतो, यातले काहीच त्या खट्‌मधून कळत नाही. यशिका इलेक्ट्रो ३५ चे उदाहरण घ्या. हा कॅमेरा बॅटरीशिवायही वाजतो, पण तेव्हा प्रत्येक फोटो १/५०० सेकंदावरच निघतो. ऊन असेल तर फोटो येतील, घरात सगळे काळे. उलट कॅनन एई-१ बॅटरी नसली की पूर्ण मुका, बटण दाबा नाहीतर काहीही करा. विक्रेत्याला वाटते मेला, आणि तो भंगाराच्या भावात द्यायला तयार होतो. म्हणून बाजारात जाताना खिशात ६ व्होल्टची एक ४एलआर४४ आणि दोन साध्या एलआर४४ बॅटऱ्या ठेवाव्यात. माझी सर्वांत फायद्याची खरेदी या सवयीमुळे झाली आहे.

आवाज ऐकायचाच असेल तर नेमका ऐका. इलेक्ट्रोची लिव्हर ओढताना आतून एक जाड ‘टक्‌’ यायला हवा. तो नसेल तर आतले रबरी पॅड विरघळले आहे आणि शटरचे गणित बिघडले आहे. एई-१ बटण दाबल्यावर दमेकऱ्यासारखा शिट्टी घालत असेल तर आरशाच्या यंत्रणेतले वंगण सुकले आहे. जाणकार मेकॅनिक ते बरे करतो, पण किंमत ठरवताना तो खर्च वजा करा.

पाठ उघडण्याआधी

कॅमेरा हातात आला की सगळे पहिल्यांदा मागचे दार उघडतात. मीही उघडले होते. काकांच्या माळ्यावर आगफा क्लिक थ्री सापडला, तोच बडोद्यात बनलेला काळा डबा, जो एके काळी आपल्याकडे घरोघरी असायचा. मागच्या लाल खिडकीत ७ आकडा स्पष्ट दिसत होता. म्हणजे आत रोल होता, सात फोटोंपर्यंत आलेला. आणि मी उत्साहात खटका ओढला. त्या सात फोटोंत कोण होते ते आता कोणालाच कळणार नाही.

३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल गुंडाळायची घुंडी बाणाच्या दिशेने अलगद फिरवा. ताण जाणवला तर आत रोल आहे. तळाचे बटण दाबून तो पूर्ण गुंडाळा, मगच दार. क्लिक थ्रीसारख्या १२० फिल्मच्या (कागदासकट गुंडाळलेल्या रुंद फिल्मच्या) डब्यात रोल मागे गुंडाळायचा नसतो. सावलीत उभे राहून चावी शेवटपर्यंत पुढे फिरवा, कागदाची शेपटी सुटली की काढा.

दार उघडल्यावर मात्र वेळ द्या. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे करा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे) धरून ठेवा आणि समोरून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. धुरकट पडदा असेल तर आतल्या तेलाची वाफ काचेवर बसली आहे. कापडी पडद्याचा कॅमेरा असेल तर शटर बंद ठेवून भिंगाच्या बाजूने टॉर्च मारा आणि मागून बघा. टाचणीएवढे ठिपके चमकले तर पडद्याला भोके आहेत. झोर्की, फेड यांसारख्या आरसा नसलेल्या सोव्हिएत कॅमेऱ्यांत हे फार होते, कारण भिंग सूर्याकडे तोंड करून ठेवले की भिंगातून जमा झालेले ऊन थेट पडद्यावर पडते. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, तोच प्रकार.

शटरचे संथ वेग तपासायला मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ उत्तम. सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवला तर १/३० साठी साधारण आठ फ्रेम उजेड दिसायला हवा. वीस दिसल्या तर ग्रीस आटले आहे. १/५०० सारख्या वेगाला ही युक्ती पुरत नाही.

जाता जाता एक. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर असो की ऑनलाइन, सोनेरी मुलाम्याची, नाझी चिन्हे कोरलेली ‘लायका’ दिसली तर हसून पुढे चला. ती बहुतेक वेळा झोर्की किंवा फेडवर नवे कोरीवकाम केलेली असते. भिंग काढून आत डोकावा. खऱ्या जुन्या लायकात अंतरमापकाच्या दांड्याला टोकाशी गोल चाक असते, सोव्हिएत कॅमेऱ्यात तिथे पाचरीसारखा तुकडा असतो.

घरी आणल्यावरचा पहिला तास

माझ्या मते जुने कॅमेरे बाजारात जेवढे बिघडत नाहीत तेवढे या तासात बिघडतात. लिव्हर अडली की माणूस जोर लावतो. ती अडते त्याला बहुतेक वेळा साधे कारण असते: शटर आधीच चढवलेले आहे किंवा बॅटरी नाही. जोर लावला की आतल्या चक्राचा दाता तुटतो, आणि तो दाता आता कुठे मिळायचा?

दुसरी खोड म्हणजे तेल. शिवणयंत्राचे तेल, गंज काढायचा स्प्रे, खोबरेल, मी सगळे प्रकार ऐकले आहेत. शटरची पाती कोरडी चालतात. तेलाचा थेंब गेला की ती एकमेकांना चिकटतात आणि उरलेले तेल भिंगावर चढते. दोन दिवस कॅमेरा मस्त वाजेल, तिसऱ्या दिवशी कायमचा बसेल.

झोर्की-४ किंवा फेड हाती लागला असेल तर एक नियम पाठ करा: आधी लिव्हर किंवा घुंडी चढवायची, मग शटरचा वेग बदलायचा. उलट केले तर आतली खूण चुकते आणि यंत्रणा मोडू शकते. जुन्या पाती-शटरच्या कॅमेऱ्यांतला सेल्फ टायमर तर हातच लावू नये असा. अर्धशतक झोपलेली ती चक्रे मध्येच अडकली की शटरही अडकते.

यशिका एमएफ-२, कोडॅक केबी१० असे फ्लॅशवाले कॅमेरे आपल्याकडे ढिगाने मिळतात. ते स्वतः खोलू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि सेल काढल्यावरही तो काही काळ राहतो. पेन्सिल सेलच्या कप्प्यात पांढरी पूड असेल तर ती गळलेल्या अल्कलाइन सेलची. कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडे करा. त्यासाठी पेचकस लागत नाही.

मागच्या दाराच्या खाचांत काळे, डांबरासारखे चिकट काही लागले तर तो मुळात फोम होता, प्रकाश अडवणारा. साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या जपानी कॅमेऱ्यांत तो सडलेलाच असतो, असे धरून चाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिकने खरवडा, कॅमेऱ्याची उघडी पाठ जमिनीकडे धरून, म्हणजे कण पडद्यात जाणार नाहीत. खाचेत काळी लोकर बसवली तरी काम भागते. आरशाच्या वरच्या पट्टीवरचाही फोम बदला, नाहीतर आरसा तिथे चिकटून बसेल.

बॅटरीचा एक घोळ बरेच जण महिनोन्‌महिने शोधत बसतात. साठ-सत्तरच्या दशकांतले कित्येक प्रकाश मोजणारे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले आहेत आणि ती बॅटरी आता बनत नाही. त्याच मापाची १.५ व्होल्टची अल्कलाइन टाकली तर काटा हलतो, म्हणून सगळे ठीक वाटते, पण वाचन चुकते. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी त्या दाबाच्या जवळ जाते. तिचा कागद सोलल्यावर ती काही आठवडेच टिकते, पण स्वस्त असते. झेनिट-ईसारख्या सेलेनियमच्या मीटरला बॅटरीच नको, मात्र ते वयाने मंदावतात. दोन्ही बाबतींत मोबाइलवरच्या मीटरशी ताडून बघा आणि फरक कॅमेऱ्याच्या तळाला चिठ्ठीवर लिहून चिकटवा.

बुरशी, आणि आपला पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कॅमेरा बंद कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्यातही सर्वांत वाईट जागा म्हणजे त्याची मूळची चामड्याची पेटी. ती दिसते सुंदर, पण चामडे ओल धरते आणि बुरशीला खाऊही पुरवते. पेटी वेगळी ठेवा, कॅमेरा वेगळा.

घरगुती उपायांपैकी तांदळाचा डबा टाळा, त्याची पूड फटींत शिरते. डांबराच्या गोळ्यांचीही वाफ काचेवर बसू शकते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर गरम करून परत वापरता येते. आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सगळे वेग चालवा. ड्राय कॅबिनेट चांगलेच, पण एका कॅमेऱ्यासाठी ते घेणे मला तरी हौसेपेक्षा मिरवणे वाटते.

बुरशी लागलीच असेल तर ‘दोन दिवस कडक उन्हात ठेवा’ हा सल्ला मनावर घेऊ नका. बुरशी मरेलही, पण तिने काचेचा लेप खाल्ला असेल तर तो डाग राहतो, आणि एप्रिलच्या उन्हात भिंगातले ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरते. कडेला चार धागे असतील तर फोटोत फरक दिसत नाही, बिनधास्त वापरा. मधोमध पसरली असेल तर भिंग बदलणे स्वस्त पडते.

रोल भरताना

छत्तीस फोटो काढून झाले, आकडा अजून पुढे सरकतोच आहे, ३८, ३९… हा अनुभव आला की समजा, रोल कधी अडकलाच नव्हता. लिव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची घुंडी उलटी फिरते का, ते पहिल्या दोन फोटोंतच बघा. फिरत नसेल तर फिल्म जागची हललेली नाही. एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ रोल वाचतात, आणि आज धुलाई-स्कॅनसकट एक रंगीत रोल सहज हजाराच्या पुढे जातो.

कॅमेरा घेतानाच त्याला कोणती फिल्म लागते ते विचारा. १३५ (म्हणजे नेहमीची ३५ मिलिमीटर) आणि १२० मिळतात. १२६ च्या कार्ट्रिजचे कॅमेरे शोभेपुरते. ६२० मध्ये फिल्म १२० चीच, पण रीळ बारीक, म्हणजे अंधारात हाताने दुसऱ्या रिळावर गुंडाळायची तयारी हवी. क्लिक थ्रीच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा आणि चावी फिरवतानाच ती उचला. जुन्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल उजेड दिसत नसे, आजच्या फिल्मना दिसतो.

कॅमेऱ्याबरोबर कधी ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा जुना ‘इंदू’ रोल मिळतो. तो प्रयोगाला ठेवा, भाचीच्या बारशाला वापरू नका. मुदत संपलेल्या रंगीत निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश, हा ढोबळ हिशेब. स्वस्तात विकले जाणारे सिनेमाच्या फिल्मचे तुकडे घेत असाल तर ‘रेमजेट काढला आहे का’ हे विचाराच. तो काळा थर असलेली फिल्म रंगीत रोल धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ मशिनमध्ये गेली तर रसायन आणि मशिन दोन्ही खराब होतात, आणि स्टुडिओवाला तुम्हाला परत दारात उभे करणार नाही.

फ्लॅशने अर्धा फोटो काळा आला तर शटरचा वेग जास्त होता. पेंटॅक्स के१००० ला १/६०, झेनिट-ईला १/३० च्या वर जाऊ नये.

निगेटिव्ह मागून घ्या

हल्ली स्कॅन व्हॉट्सॲपवर येतात आणि निगेटिव्ह तिथेच पडून राहतात. दोष शोधायचा तर निगेटिव्हच हवी. फोटोच्या जागी कोरे, पण कडेचे छापील आकडे ठसठशीत असतील तर धुलाई ठीक आहे, फिल्म हलली नाही किंवा शटर उघडले नाही. आकडेही गायब असतील तर चूक धुण्यात. निगेटिव्हवरचा काळा डाग कडेच्या भोकांवरून पलीकडे गेला असेल तर प्रकाश दारातून शिरला, म्हणजे फोम बघा. तो फ्रेमच्या चौकटीतच थांबत असेल तर पडदा किंवा भिंग तपासा. फोटो एकमेकांवर चढत असतील तर लिव्हरची चक्रे घसरत आहेत.

माझ्या झेनिटचा उलगडा असाच झाला. एका रोलवर प्रत्येक वेगाने दोन-दोन फोटो काढले आणि वहीत क्रम लिहिला. १/५०० वर जाड पट्टी, १/२५० वर बारीक, १/१२५ आणि त्याखाली स्वच्छ. दुसरा पडदा पहिल्याला गाठत होता, वेग जास्त तेवढा लवकर. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या वर जात होता, म्हणून ती केली नाही. आता त्यात १०० आयएसओचा रोल असतो, वेगाची चकती १/१२५ वर, आणि भर उन्हात भिंगाचे छिद्र एफ/१६ वर, म्हणजे अगदी लहान. ढग आले की थोडे मोठे, एफ/८.