नागपूरच्या महाल भागातला वाडा विकायला काढण्याआधी

वाडा विकायचा ठरला की पहिला फोन दलालाला लावू नका. तो दारातूनच जागा नजरेने मोजतो, "काका, बांधकामाचं काही धरू नका, उलट पाडायचा खर्च येईल," म्हणतो आणि एक आकडा टाकून निघून जातो. तो आकडा घरच्यांच्या कानात बसला की मग निघत नाही. त्याआधी घरातलंच काम बरंच आहे आणि त्यातलं निम्म्याहून जास्त कागदांचं आहे.

नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डची, ताजी नक्कल काढा. महाल-इतवारीतल्या कितीतरी घरांच्या पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असतं. मग मृत्यूचे दाखले, वारसांची नावं, फेरफार हे सगळं ओघाने आलं. वारसांत आत्या आणि बहिणीही येतात. "त्यांचं लग्नात झालं" हे उत्तर कायद्यात चालत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि तो जन्मापासूनचा आहे, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणून सगळ्यांना एकदा वाड्यातच जेवायला बोलवा आणि कोण हिस्सा घेणार, कोण हक्कसोडपत्र करून देणार, ते पानावरून उठायच्या आत विचारून घ्या. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. नुसती नोटरीपुढची सही पुरत नाही. पुतण्या परदेशात असेल तर त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यावं लागतं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण घोडं तिथेच अडतं.

जमीन नझूलची, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेली, असेल तर पट्ट्याची मुदत आणि थकबाकी बघा. मनपाच्या वारसा यादीत घर आहे का, असेल तर कोणत्या श्रेणीत, तेही विचारून ठेवा. यादीतल्या इमारतीत फेरबदल करायला वारसा संवर्धन समितीची परवानगी लागते आणि ही गोष्ट ग्राहकाचा वकील शोधून काढतोच. तुमच्या तोंडून आधी कळलेली बरी. रस्त्याकडच्या खोलीत जुना टेलर किंवा घड्याळजी बसलेला असेल तर वाडा विकला म्हणून तो उठत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला आहे, नवा मालक त्याच्यासकट वाडा घेतो. भाडेपावत्या शोधा आणि त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला, दलालाला पाठवू नका.

आता वाडा. "भोसलेकालीन आहे" हे प्रत्येक जण सांगतो. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं १८५३-५४ मध्ये आणि रेल्वे इथे पोचली १८६७ मध्ये. तुमच्या माडीखाली परदेशी कारखान्याचं नाव ठसवलेले लोखंडी गर्डर असतील तर तेवढा भाग बहुधा रेल्वेनंतरचा. कमी वय सांगितल्याने भाव पडत नाही. खोटं वय उघडं पडलं की पडतो.

एक पेचकस आणि चांगला टॉर्च घेऊन सकाळीच कामाला लागा. सागवानी खांब वरून कितीही गुळगुळीत दिसो, तो दगडी तळखड्यावर जिथे टेकतो तिथे पेचकसाचं टोक दाबून बघा. टोक अडलं तर लाकूड जिवंत आहे; बोटभर आत गेलं तर ओल किंवा वाळवी. तुळया ज्या ठिकाणी भिंतीत शिरतात तिथे वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या दिसतात का, तेही बघा. भिंतींना ओल आली म्हणून कोणी काकांनी कधीतरी सिमेंटचं प्लॅस्टर मारलेलं असतं. माती-चुन्याच्या भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडत नाही, ती वर चढते आणि पोपडे हातभर उंचीऐवजी छातीपर्यंत येतात. त्यावर विक्रीसाठी डिस्टेंपर फासू नका. फुटलेले कवेलू बदला, पन्हाळ साफ करा, बाकी आहे तसं दाखवा. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करावंच लागतं. जुन्या लाकडी बांधकामाची माहिती असलेला इंजिनिअर गाठा, नाहीतर अहवालात सरळ 'धोकादायक' लिहून येतं. आणि ग्राहकाला शक्यतो पावसाळ्यात बोलवा. कुठे गळतं ते त्याने रजिस्ट्रीआधी पाहिलेलं चांगलं, नंतरची भांडणं टळतात.

शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत कोणाची, आपल्या छपराचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं, मागच्या गडर लाइनचं, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचं, झाकण कोणाच्या हद्दीत आहे, हे शेजाऱ्यांसोबत बसून लिहून घ्या.

वस्तीबद्दलही खरं सांगा. इथे एका फर्लांगात मराठी वाडे, मारवाडी पेढ्या, बोहऱ्यांची दुकानं, कोष्ट्यांची घरं आहेत. पहाटे अजान ऐकू येते, मग देवळातली घंटा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघाली की या बाजूच्या रस्त्यांवरून गाडी काढायचं नाव नको, आणि बोळात चारचाकी तशीही शिरत नाही. ज्याला हे सोसायचं नाही त्याने मनीषनगरासारख्या नव्या वस्तीत फ्लॅट घ्यावा, उगाच तुमचा वेळ खाऊ नये. "आपल्यातल्याच माणसाला द्या" असं सांगायला गल्लीतले दोन-चार जण येतील. माझं विचाराल तर मान डोलवा, चहा पाजा आणि ज्याचे पैसे स्वच्छ आहेत आणि ज्याला वाडा उभा ठेवायचा आहे त्यालाच द्या. दोन्ही एका माणसात क्वचित सापडतं, त्यासाठी दोन-पाच टक्के सोडायला हरकत नाही.

मालमत्ता कर, पाणी आणि वीज, तिन्हींच्या शेवटच्या पावत्या एका फाईलीत लावा. इसार चेकनेच घ्या. व्यवहार पन्नास लाख किंवा त्यावर असेल तर भारतात राहणाऱ्या वारसांच्या रकमेतून ग्राहक एक टक्का टीडीएस कापेल, दचकू नका. पण वारसांपैकी प्रत्येकाचा पॅन आधी जमवा. जाताना काय नेणार ते इसार पावतीतच लिहा: देवघर, झोपाळ्याच्या कड्या, माळ्यावरचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी. कोरीव दरवाजाचंही तेव्हाच ठरवा, कारण जुनं सागवान घेणारे व्यापारी ग्राहकाच्याही आधी दारात येतात.