द्राक्षबागेतील सेन्सर नेटवर्कसाठी कमी ऊर्जेचे राउटिंग कसे ठरवावे

दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील द्राक्षबागेत मातीचा ओलावा आणि पानांवरील ओल मोजणारे वायरलेस नोड (सेन्सर, रेडिओ आणि सेल असलेली छोटी उपकरणे) बसवायचे असतील, तर प्रत्येक नोडपर्यंत वीज नेणे परवडत नाही आणि ऐन हंगामात मांडवाखाली वाकून सेल बदलत फिरायला कोणाला सवड नसते. त्यामुळे नेटवर्क किती दिवस चालेल, हे बव्हंशी रेडिओच्या वापरावर ठरते.

राउटिंगची, म्हणजे माहिती कोणत्या नोडमार्गे पुढे न्यायची याची, पद्धत निवडण्यापूर्वी रेडिओच्या खर्चाचा हिशेब मांडावा. सीसी२४२० या जुन्या, अभ्यासात बराच वापरल्या गेलेल्या रेडिओ चिपला पूर्ण क्षमतेने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, तर ऐकताना १८.८ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे गप्प बसून ऐकणे बोलण्यापेक्षा महाग पडते. २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल सतत ऐकणाऱ्या नोडवर सुमारे साडेपाच दिवसांत संपतात. तोच रेडिओ एक टक्का वेळच चालू ठेवला, तर सेन्सरचा खर्च आणि सेलची आपोआप होणारी झीज सोडून दीड वर्षाचा हिशेब निघतो. म्हणून रेडिओ केव्हा बंद ठेवायचा, हे झोपेचे वेळापत्रक आधी ठरवावे. ते न करता राउटिंगवर डोके खपवणे माझ्या मते व्यर्थ आहे.

त्यानंतर अंतरांचा विचार करावा. ‘मधे जास्त हॉप (एका नोडवरून दुसऱ्या नोडवर उडी) म्हणजे बचत’ हा समज सर्रास आढळतो, पण तो नेहमी खरा ठरत नाही. प्रति बिट ५० नॅनोज्यूल सर्किटसाठी आणि मीटरमधील अंतराच्या वर्गामागे १०० पिकोज्यूल संकेत वाढवणाऱ्या प्रवर्धकासाठी, हे अभ्यासातील प्रचलित प्रतिमान घेतले, तर १०० मीटर थेट पाठवण्यास १०५० नॅनोज्यूल लागतात आणि बरोबर मध्यावर नोड घेतल्यास, त्याच्या ऐकण्याचा खर्च धरून, ६५०. तेच अंतर ३० मीटर असेल, तर थेट १४० आणि मधल्या नोडमार्गे १९५ नॅनोज्यूल खर्च होतात. जवळजवळ बसवलेल्या नोडना मध्यस्थ देऊ नये.

नोडचे गट करून प्रत्येक गटाचा प्रमुख नोड माहिती पुढे पाठवतो, त्या क्लस्टर पद्धतीत २००० साली मांडलेली लीच ही पहिली आठवते. तीत प्रमुखपद पाळीपाळीने फिरते. प्रमुखांचे प्रमाण पाच टक्के ठेवल्यास प्रत्येक नोडवर वीस फेऱ्यांत एकदा ती जबाबदारी येते. मात्र मूळ लीच शिल्लक ऊर्जा पाहत नाही आणि प्रमुख बेस स्टेशनपर्यंत, म्हणजे सगळी माहिती जमा होते त्या यंत्रापर्यंत, थेट पोहोचतो असे धरून चालते. लांबट बागेत हे गृहीतक टिकत नाही. तेथे शिल्लक ऊर्जेनुसार प्रमुख निवडणारी हीड पद्धत, किंवा प्रमाणित मार्ग हवा असल्यास आरपीएल हा राउटिंग प्रोटोकॉल घ्यावा. आरपीएलमध्ये केवळ हॉप मोजून पालक नोड (ज्याच्याकडे पॅकेट पुढे द्यायचे तो) निवडू नये. पॅकेट पोहोचवण्यास सरासरी किती वेळा पाठवावे लागते, तो ईटीएक्स आकडा वापरावा, कारण कच्च्या दुव्यावरील प्रत्येक फेरपाठवणी सेलमधूनच वसूल होते.

बेस स्टेशन सहसा विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत ठेवतात, कारण वीज तेथेच असते. त्याच्या लगतच्या नोडवर संपूर्ण बागेची पॅकेट वाहण्याचा भार पडतो आणि ते आधी बंद पडतात. त्यांना मोठी बॅटरी व लहान सौर पॅनेल द्यावे, किंवा तेथे एखाद-दुसरा जादा नोड लावावा.

केवडा या द्राक्षावरील रोगाच्या अंदाजासाठी पानांवरील ओल मोजताना दर दहा मिनिटांचे वाचन पाठवण्याची गरज नसते. टीन पद्धतीप्रमाणे ठरावीक मर्यादा ओलांडली, आणि त्यानंतर पुरेसा फरक पडला, तरच पॅकेट पाठवावे. यात एक खोच आहे: कोरड्या दिवशी शांत असलेला नोड आणि बंद पडलेला नोड सारखेच दिसतात. त्यासाठी दिवसातून एकदा बॅटरीचा व्होल्टेज कळवणारे छोटे पॅकेट सक्तीचे ठेवावे.

दुव्यांची चाचणी ऑक्टोबर छाटणीनंतर लगेच उघड्या काड्यांमध्ये घेऊन थांबू नये. २.४ गिगाहर्ट्झचे संकेत ओल्या पानांतून जाताना क्षीण होतात. म्हणून मांडव भरल्यावर, दव असलेल्या सकाळी ईटीएक्स पुन्हा मोजावा आणि जे दुवे तेव्हा टिकतात, त्यांवरच मार्ग आखावेत.